सार्वजनिक रस्ता आणि खासगी प्रवेशिका

महाराष्ट्रातील धावण्याच्या शर्यतींचे आयोजक, त्यांचे सल्लागार आणि त्या शर्यतींत हौसेने भाग घेणारे शहरांतील सुशिक्षित धावपटू यांच्या तोंडून अलीकडे एक सिद्धान्त इतक्या निःशंकपणे ऐकावयास मिळतो, की त्याला कोणी हरकत घेईल ही शक्यताच त्यांच्या मनाला कधी शिवली नसावी. सिद्धान्त असा : पूर्वी शर्यत कोठे, केव्हा आणि किती अंतराची आहे हे कळण्यास कोणाची तरी ओळख लागे, आता मोबाईलवर वर्षभरातील शर्यतींची यादी, मार्गाचा नकाशा, चढउताराचा आलेख आणि गतवर्षीचे निकाल क्षणात दिसतात, नोंदणी सर्वांना एकाच वेळी खुली होते, जो आधी येईल त्याला आधी जागा मिळते, आणि म्हणून शर्यत ही वशिल्याच्या कक्षेतून सुटून खऱ्या अर्थाने सर्व लोकांची झाली आहे. या सिद्धान्ताचा पूर्वार्ध मला मान्य आहे. उत्तरार्ध मान्य नाही, आणि त्याचे सविस्तर खंडन केल्यावाचून राहवत नाही. कारण ज्या सर्वसामान्यांच्या नावाने हा विजय साजरा केला जातो त्यांच्यापैकी कितीतरी मुले-मुली नोंदणीच्या पायरीशी अडून परत गेलेली मी पाहिली आहेत.

पूर्वार्धाबद्दल आधी बोलतो, कारण गतकाळाविषयीचा गहिवर या वादात आणण्याची माझी इच्छा नाही. 1983 साली पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, शर्यतीची वर्दी सर्वसामान्यपणे क्रीडाशिक्षकांकडे आणि जिमखान्यांच्या चिटणिसांकडे जाई. शिक्षक उत्साही असला तर ती फळ्यावर लिहिली जाई, नसला तर प्रवेशाची मुदत संपेपर्यंत टेबलाच्या खणात पडून राही. वर्तमानपत्रातील चार ओळींची बातमी ज्याच्या नजरेस पडे तो भाग्यवान. शाळा सुटलेली मुलगी, संसारात पडलेली स्त्री, चाळिशी ओलांडलेला कारकून यांच्यापर्यंत ती वर्दी पोहोचावी अशी व्यवस्थाच नव्हती, कारण ही माणसे धावतील असे कोणाला वाटत नव्हते. कागदाच्या प्रवेशिकेत उपजत असे काही औदार्य होते असे मानण्यास इतिहासात आधार नाही. 1966 साली बॉस्टनच्या मॅरेथॉनसाठी अर्ज करणाऱ्या बॉबी गिब या तरुणीस, स्त्रियांना एवढे अंतर झेपत नाही, असे पत्राने कळविण्यात आले, आणि तिने अंगावर क्रमांक नसतानाच धावून ते अंतर पुरे केले. पुढल्याच वर्षी कॅथरिन स्विट्झरने नावाची केवळ आद्याक्षरे लिहून रीतसर प्रवेश मिळविला, तर भर शर्यतीत एका पदाधिकाऱ्याने तिच्या अंगावरील क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला. त्या शर्यतीत स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळण्यास 1972 साल उजाडावे लागले.

आज ठाण्यात, नाशकात, कोल्हापुरात पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पन्नाशीच्या स्त्रिया दिसतात, त्यांतील बहुतेकींना पहिल्या शर्यतीची बातमी मोबाईलवरील एखाद्या गटातूनच मिळालेली असते. आपल्यासारखीच, आपल्याच वयाची कोणी बाई दहा किलोमीटर धावून आली हे छायाचित्रासह पाहिल्यावर जे धैर्य येते ते क्रीडा कचेरीच्या परिपत्रकाने आले नसते. धावपटूच्या छातीवरील क्रमांकास, म्हणजे ज्याला सारे बिब म्हणतात त्यास, मागून चिकटविलेल्या चिपेबद्दलही माझी तक्रार नाही. उलट तिने एक जुना अन्याय दूर केला. पूर्वी पिस्तुलाचा बार झाल्यापासून वेळ मोजली जाई, त्यामुळे हजारोंच्या गर्दीत मागे उभ्या राहिलेल्या माणसाची कित्येक मिनिटे आरंभरेषा गाठण्यातच फुकट जात. आता आरंभरेषेवरील पट्टीवरून पाऊल पडताच चिपेची नोंद होते आणि अखेरच्या पट्टीपर्यंत ज्याची त्याला खरी वेळ मिळते. वाटेत वळणावर आणखी एक पट्टी ठेवली की मधूनच परतणाऱ्याची लबाडीही उघडकीस येते, ज्यासाठी पूर्वी हातावर शाईचा शिक्का मारणारा स्वयंसेवक उभा करावा लागे.

येथपर्यंत मी प्रतिपक्षाबरोबर आहे. परंतु शर्यत सापडणे आणि शर्यतीत दाखल होता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली सोपी झाली म्हणून दुसरीही आपोआप सोपी झाली असे जे गृहीत धरले जाते तेथे हा सिद्धान्त कोसळतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या मध्यम प्रतीच्या अर्धमॅरेथॉनची प्रवेशिका मोबाईलवर उघडून पाहावी. ती बहुधा इंग्रजीत असते. प्रथम ई-मेलचा पत्ता मागितला जातो, मग मोबाईलवर आलेला ओटीपी. पुढे जन्मतारीख, रक्तगट, आणीबाणीत ज्याला कळवावयाचे त्याचा दूरध्वनी, टी-शर्टचे माप, धावण्याच्या क्लबचे नाव, यापूर्वीची सर्वोत्तम वेळ आणि काही ठिकाणी त्या वेळेचे प्रमाणपत्र जोडण्याची सूचना. नंतर अटींचे एक लांबलचक पान, ज्याच्या शेवटी चौकोनात खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि त्या खुणेने आपण कोणकोणते हक्क सोडून दिले हे वाचण्याची तसदी सुशिक्षितही घेत नाहीत. त्यानंतर शुल्क, शुल्कावर कर, करावर सुविधा-आकार. हजार-दीड हजारांची ही रक्कम खात्यातून वळती झाली म्हणजे नोंदणी पुरी झाली. मधेच रेंज गेली तर पैसे कापले गेले पण नोंदणी झाली नाही असे होते, आणि ती रक्कम परत येईपर्यंत बहुधा जागा संपलेल्या असतात. मुंबईतील बँक-कर्मचाऱ्यास हे पाच मिनिटांचे काम वाटते. शेतमजुराच्या तीन-चार दिवसांच्या मजुरीएवढी ही रक्कम आणि या सर्व खटपटी ज्याला जमवावयाच्या आहेत त्याच्या बाजूने पाहिल्यावर मात्र हीच प्रवेशिका पात्रतेच्या चाचणीसारखी दिसू लागते, आणि त्या चाचणीचा धावण्याशी यत्किंचितही संबंध नाही.

ज्यांना ही चाचणी जड जाते त्यांच्यातच आपल्या राज्यातील उत्तमोत्तम धावपटू आहेत, म्हणून मला हा प्रश्न केवळ गैरसोयीचा वाटत नाही. मराठवाड्यात, सोलापूर-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात, नाशिकच्या आदिवासी भागात पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर जी मुले-मुली धावत असतात ती भरतीची मुले होत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. त्या काही मिनिटांवर आयुष्याची दिशा ठरावयाची असल्याने ही मुले दोन-दोन, तीन-तीन वर्षे ग्राउंडची तयारी करीत असतात आणि मधल्या काळात पंचक्रोशीतील रोख बक्षिसांच्या शर्यती धावून खुराकाचा आणि बुटांचा खर्च भागवितात. एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त किंवा गावच्या यात्रेत भरणारी ही शर्यत बहुधा पाच किलोमीटरची असते, फ्लेक्सवर मात्र तिला भव्य मॅरेथॉन म्हटलेले असते. तिच्या मार्गाचे मोजमाप मोटारसायकलच्या काट्यावर झालेले असते, निकालावरून भांडणे होतात, आणि पाण्याची व्यवस्था अनेकदा नावालाच असते. हे सर्व दोष मी जाणतो. तरीही त्या शर्यतीत एक गोष्ट अशी असते जी शहरातील चिपयुक्त शर्यतीत उरलेली नाही : बार होण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत मांडवात एक टेबल, एक वही आणि एक माणूस हजर असतो, मुलगा एसटीतून उतरतो, नाव, गाव व वय सांगतो, खडूने किंवा मार्करने लिहिलेला क्रमांक घेतो आणि रांगेत उभा राहतो.

त्या टेबलाची परंपरा क्षुल्लक नव्हे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर पहिल्या महायुद्धानंतर भरलेल्या क्रीडामेळाव्यात, संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या देखत, अनवाणी धावणारी जी मुले होती ती शेतावर राबणाऱ्या कुटुंबांतील होती. स्पर्धेचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांच्या कानावरूनही गेले नव्हते, पण त्यांचा वेग पाहून हिंदुस्थानने ऑलिंपिकला खेळाडू पाठवावेत हा विचार टाटांच्या मनात पक्का झाला. त्या प्रयत्नांतून 1920 साली अँटवर्पला जो चमू गेला त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, आणि मॅरेथॉनमध्ये त्यांनी एकोणिसावा क्रमांक मिळविला. आपल्या काळातील उदाहरणे घ्यावयाची तर सावरपाडा या आदिवासी पाड्यातील कविता राऊत हिने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले, आणि माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर, जिने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक पटकाविला होता, ती 2016 साली रिओ येथे 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. गुणवत्ता कोठून येते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ती जेथून येते त्या वाटेवर इंग्रजी प्रवेशिका आणि कार्डाचे यंत्र मांडून ठेवावे, याचा मला संताप येतो.

यावर पहिले उत्तर असे मिळते की, मोबाईल आता कोणाकडे नाही? 2016 साली यूपीआय आल्यापासून भाजीवालीही क्यूआर कोड लावून बसते. तेव्हा ही अडचण काल्पनिक आहे. मोबाईल घरोघर आहे हे खरे. परंतु घरात एक मोबाईल असणे आणि सतरा वर्षांच्या मुलीच्या हातात, तिच्या नावाच्या खात्यासह, हवा त्या घटकेला तो असणे यांत फार मोठे अंतर आहे. बापाच्या खात्यातून दीड हजार रुपये धावण्यासाठी वळते करण्याची परवानगी तिने कोणत्या तोंडाने मागावी? शिवाय भाजीवालीच्या कोडवर पैसे येतात, प्रवेशिकेत जातात, आणि रोजंदारीवरच्या घरात पैसे येण्याची व जाण्याची गणिते अगदी वेगळी असतात. एका जिल्ह्याच्या गावी शर्यतीच्या आदल्या दिवशी, बिब वाटण्याच्या मंडपात, अशीच एक मुलगी मी पाहिली. रुमालात बांधलेल्या नोटा तिच्या मुठीत होत्या, सोबत तिचा धाकटा भाऊ होता, आणि टेबलापलीकडचा स्वयंसेवक, जो स्वभावाने मुळीच वाईट नव्हता, तिला पुनःपुन्हा सांगत होता की, ताई, नोंदणी ऑनलाईनच असते, ती वीस दिवसांपूर्वी बंद झाली, रोख आम्हाला घेताच येत नाही. त्याच्या मागे न नेलेल्या बिबांचे गठ्ठे ठेवलेले होते, कारण पैसे भरूनही न येणारे लोक प्रत्येक शर्यतीत असतात. त्या गठ्ठ्यांतील एक क्रमांक तिला देण्याचा अधिकार त्या मंडपात कोणालाच नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे ते क्रमांक कोणाच्याही अंगावर न चढता तेथेच पडून राहिले असणार.

दुसरे उत्तर सुरक्षिततेचे, आणि ते अधिक गंभीरपणे घेण्यासारखे आहे. रक्तगट, वय, आणीबाणीचा दूरध्वनी ही माहिती आधी हाती नसेल तर एखादा स्पर्धक वाटेत कोसळल्यावर काय करावयाचे, असे आयोजक विचारतात. हा प्रश्न विचारणारा आयोजक जबाबदार आहे आणि त्याचा आदर केला पाहिजे. परंतु ही सर्व माहिती कागदाच्या अर्ध्या तावावर मराठीत लिहून घेता येते, ती बिबाच्या मागील बाजूस पेनने उतरविता येते, आणि रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या मदतीस धावून येणारा पहिला मनुष्य संगणक उघडून बसत नाही, बिब उलटे करून पाहतो. रुग्णवाहिकांची संख्या किती लागेल याचा अंदाज एकूण मर्यादेवरून बांधला जातो. त्या मर्यादेतील दहावा हिस्सा अखेरच्या दिवशी भरला म्हणून रुग्णवाहिका कमी पडत नाही.

तिसरे उत्तर समानतेचे आहे : जागा मोजक्याच असतात, तेव्हा जो आधी येईल त्याला आधी, याहून न्याय्य नियम कोणता? साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन हे त्याचे लोकप्रिय उदाहरण. 2012 पासून होणारी ही शर्यत यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेला चढते. रस्ता अरुंद, पावसाळ्याच्या अखेरीचे धुके, एका बाजूस दरी, म्हणून संख्येला मर्यादा घालणे अपरिहार्यच आहे, आणि मागणी एवढी की प्रवेश अल्पावधीत भरून जातात. मर्यादेबद्दल वाद नाही. वाद आहे तो घड्याळाच्या काट्याला न्यायाधीश करण्याबद्दल, कारण ठरावीक दिवशी ठरावीक मिनिटाला मोबाईल हातात, वेगवान जोडणी, आधीच साठवून ठेवलेले कार्ड आणि कामावरून मोकळा वेळ ज्याच्यापाशी आहे तोच आधी येतो. उसाच्या फडात किंवा गिरणीच्या पाळीत असलेला माणूस आधी येऊच शकत नाही. लंडन, न्यूयॉर्क, टोकियो येथील मॅरेथॉनसाठी सोडत काढली जाते हे आपल्या आयोजकांस चांगले ठाऊक आहे, कारण त्यांतील अनेकजण स्वतः त्या सोडतींत नाव घालतात. सोडतीत आठवडाभर कधीही नाव घालता येते, आणि संध्याकाळी घरी परतलेल्या मजुराच्या चिठ्ठीचे वजन सकाळी दहाला कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या चिठ्ठीएवढेच असते. जी पद्धत यंत्राने सहज साध्य आहे ती आपण उचलली नाही, आणि जी उचलली ती सुशिक्षितांच्या सोयीची निघाली, याचा दोष यंत्राला देता येणार नाही.

यंत्राला दोष देता येणार नाही याचा मोठा पुरावा इंग्लंडमध्ये आहे. 2004 सालच्या ऑक्टोबरात लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा धावपटूंनी पाच किलोमीटर धावून ज्या उपक्रमाचा आरंभ केला तो आज पार्करन या नावाने अनेक देशांत दर शनिवारी चालतो. त्यास शुल्क नाही. आयुष्यात एकदाच नाव नोंदवावयाचे, एक बारकोड मिळवावयाचा, तो कागदावर छापून खिशात ठेवावयाचा, आणि कोणत्याही गावच्या पार्करनमध्ये तो दाखविला की निकाल त्या नावावर जमा होतो. अखेरच्या रेषेवर क्रमांकाची टोकने वाटण्यापासून निकाल तयार करण्यापर्यंतचे सर्व काम गावातील स्वयंसेवक करतात. या व्यवस्थेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब अशी की, बारकोड न आणलेल्या माणसासही रेषा ओलांडल्यावर क्रमांक मिळतो आणि निकालाच्या यादीत त्याची जागा ‘अज्ञात’ या नोंदीने राखली जाते. तोही धावला हे यादी मान्य करते. आपल्याकडे वापरली जाते तीच संगणकविद्या, तोच मोबाईल, तीच छायाचित्रे तेथेही आहेत. फरक आहे तो कोणाला आत घ्यावयाचे हे ठरविणाऱ्यांच्या मनोवृत्तीत.

आता अखेरचे उत्तर, जे चारचौघांत बोलले जात नाही पण सर्वांच्या मुळाशी आहे : शर्यत हा आमचा खासगी कार्यक्रम आहे, त्यासाठी आम्ही पैसा उभा करतो, टी-शर्ट, पदक, न्याहारी देतो, तेव्हा प्रवेशाच्या अटी ठरविण्याचा हक्क आमचा. नाट्यगृह भाड्याने घेऊन तेथे कोणी गाण्याचा कार्यक्रम केला असता तर हा युक्तिवाद मी निमूटपणे मान्य केला असता. परंतु शर्यत धावली जाते ती सार्वजनिक रस्त्यावर. पहाटेपासून कित्येक तास तो रस्ता बंद करण्यास पोलिसांची परवानगी लागते, वाहतूक वळविण्यास शिपाई उभे राहतात, नगरपालिकेचे झाडूवाले आदल्या रात्री आणि शर्यतीनंतर राबतात, इस्पितळात जाणाऱ्यास वळसा पडतो, दूधवाल्याची फेरी चुकते, आणि हा सर्व भार जी जनता सोसते तिच्यातील बहुसंख्यांना त्याच रस्त्यावर त्या दिवशी पाय ठेवण्यासाठी दीड हजार रुपये आणि ई-मेलचा पत्ता हवा, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही मंडळाला असू शकत नाही. रस्ता लोकांचा घ्यावयाचा आणि प्रवेश आपल्या मर्जीचा ठेवावयाचा, ही वहिवाट आपण आपल्या डोळ्यांदेखत पडू दिली आहे.

बारामतीच्या रस्त्यावर नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी पायांनी, आजारी पतीच्या उपचारांच्या खर्चासाठी धावलेल्या लता करे या वृद्ध स्त्रीची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. 2020 साली तिच्यावर चित्रपटही निघाला, त्यात तिने स्वतःच काम केले, आणि शहरांतील शर्यतींच्या मंचांवरून तिचे उदाहरण प्रेरणा म्हणून वारंवार दिले जाते. देणाऱ्यांनी एकदा आपली स्वतःची प्रवेशिका समोर ठेवून, तिच्यातील प्रत्येक रकाना त्या बाईच्या जागी बसून भरून पाहावा.

माझी मागणी मोठी नाही, आणि ती मान्य करण्यास चिप, नकाशा, यादी यांतील काहीही सोडावे लागत नाही. ज्या शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद केला जातो तिच्या एकूण प्रवेशांपैकी निदान दहावा हिस्सा टेबलावर राहावा. तो आदल्या दिवशी व शर्यतीच्या पहाटे, रोख पैशाने, मराठी कागदावर, अल्प फी घेऊन किंवा तालुक्यातील मुलामुलींना विनामूल्य दिला जावा. जागांपेक्षा माणसे अधिक आली तर तेथेच सर्वांसमक्ष चिठ्ठ्या काढाव्यात. आणि ज्यांनी पैसे भरूनही बिब नेले नाही त्यांचे क्रमांक बार होण्याच्या सुमारास या रांगेला खुले करावेत. शर्यतीची वर्दी तहसील कचेरीच्या फलकावर, एसटी स्टँडवर, तालमीत आणि भरतीच्या अकॅडमीत कागदावर लागावी, मग ती मोबाईलवर हजारदा फिरली तरी हरकत नाही. परवानगीसाठी आलेल्या दरखास्तीवर पोलीस आणि नगरपालिका आजही अनेक अटी लिहितात : ध्वनिक्षेपकाची वेळ, रुग्णवाहिकेची संख्या, कचऱ्याची अनामत. त्याच कागदावर या टेबलाची एक ओळ वाढवावयाची आहे, आणि येत्या हंगामाच्या दरखास्ती मंजुरीस येण्यापूर्वी ती वाढविली जावी असा आग्रह प्रत्येक गावातील धावणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांना ऑनलाईन नोंदणी मुळीच जड जात नाही त्यांनी, आपल्या नगरसेवकाकडे आणि पोलीस ठाण्यात जाऊन धरावा.